लाजेपायी मेंदूचा बळी

वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत देशभरातले बंजारा तांडे लोटतात. सेवालाल महाराजांच्या समाधीपुढे नवस फेडले जातात. अशा ठिकाणी घरातला बिघडलेला माणूसही आणून बसवला जातो. पन्नाशीचा कर्ता पुरुष. कालपर्यंत हिशेबाला चोख, आज पैशाचे भान नाही, जीभ जड झालेली, साखर कारखाना आपणच विकत घेतला असे छातीठोक सांगणारा. घरचे म्हणतात, "बाहेरचे झाले आहे." श्रद्धेशी आमचे भांडण नाही. पण याचे थोडे रक्त काढून व्हीडीआरएल ही गरमीची तपासणी करा, एवढे त्या घराला कुणी सांगत नाही, याची आम्हाला चीड आहे!

गरमी, म्हणजे सिफिलिस, हा नुसता कातडीचा रोग नव्हे. सुरुवातीची न दुखणारी जखम आपोआप भरते, अंगावरचे चट्टे जातात, माणूस सुटलो म्हणतो. जंतू मात्र मेंदूत आणि मज्जारज्जूत ठाण मांडू शकतो. काहींना थोड्या महिन्यांतच अर्धांगवायू होतो, डोळे किंवा कान जातात. काहींना दहा-वीस वर्षांनी वेड लागते. मज्जारज्जू झिजला की पायाखालची जमीन कळेनाशी होते, तोंड धुताना डोळे मिटताच माणूस मोरीत कोसळतो. बॅटरीचा झोत टाकला तरी बाहुली हलत नाही, पण बोट नाकाजवळ आणले की आकसते. ही खूण ओळखायला कोणते यंत्र लागते? डॉक्टरच्या खिशातली बॅटरी पुरते.

नोगुची आणि मूर या संशोधकांनी अशा वेड्यांच्या मेंदूत हाच जंतू 1913 साली दाखवून दिला. तेव्हा जग इतके हतबल होते की रोग्याला मुद्दाम हिवताप टोचण्याच्या उपचाराला 1927चे नोबेल मिळाले! 1943पासून पेनिसिलीन हाताशी आहे; 1950च्या दशकात आपल्या पिंपरीतच ते बनू लागले. इतक्या वर्षांत हा जंतू पेनिसिलीनला दाद न देणारा झालेला नाही. सुरुवातीलाच गाठले तर बेंझाथिन पेनिसिलीनचा 24 लाख युनिटांचा एक डोस पुरतो. मेंदूत शिरल्यावर 10 ते 14 दिवस शिरेतून औषध द्यावे लागते. रोग थांबतो, पण मेलेला मेंदू परत येत नाही.

मग अडले कुठे? लाजेत! र. धों. कर्व्यांनी 1927पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून गुप्तरोगांसह लैंगिक विषयांवर उघड लिहिले, तर अश्लीलतेचे खटले भरले गेले. 1934च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरीही दंड झालाच. आजही 'गुप्तरोग'च्या पाट्या लावून भोंदू गल्ला भरतात आणि शिकलेला डॉक्टर रोग्याला शरीरसंबंधांचा प्रश्न विचारताना नजर चुकवतो. गरोदरपणीच्या तपासणीत बाईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की सासर तिलाच बदफैली ठरवते. नवरा मात्र रक्त द्यायला तयार नसतो. दवाखान्यातली तिची सुई थांबते, घरी नवऱ्याकडून रोग पुन्हा येतो. हा कसला न्याय?

हा बंजाऱ्यांचा रोग आहे, असे कुणी म्हणू धजेल तर त्याला आधी आम्ही गाठू. इंग्रजांनी ज्या समाजावर गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्याच्या कपाळी नवा शिक्का नको. हा जंतू राजवाड्यात गेला, विद्यापीठात गेला, जात पुसत बसला नाही. ऊसतोडीला सहा-सहा महिने गाव सोडणाऱ्या माणसाच्या वाट्याला तपासणी येत नाही, हा दोष सरकारचा आहे.

यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वसंतराव नाईकांच्या नावाने उभे आहे. तिथे आणि वाशिमला येणाऱ्या प्रत्येक नव्या वेडाची, अवेळी आलेल्या अर्धांगवायूची, अचानक गेलेल्या नजरेची गरमीसाठी रक्ततपासणी झालीच पाहिजे. आणि गरोदर बाईच्या तपासणीच्या जोडीने नवऱ्यालाही औषध मिळालेच पाहिजे. आरोग्य खात्याने यात्रेत तपासणीचा तंबू ठोकावा, तोही आडोशाला नव्हे, दर्शनबारीच्या तोंडाशी. आणि त्या तंबूत रक्त द्यायला पहिला हात महंतांनी पुढे करावा.