ऑपरेशननंतरचा शार्दूल: ॲपवर कुठला आकडा बघायचा?

जून 2024 मध्ये पालघरच्या शार्दूल ठाकूरच्या पायाचं लंडनला ऑपरेशन झालं. तो पूर्वीसारखा परत आला का? कर्जत लोकलमध्ये हा वाद निघाला, की जो तो फोनवर विकेटचा कॉलम उघडतो.

2024-25 च्या रणजीत मुंबईकडून 9 सामन्यांत 35 विकेट, 505 रन, मेघालयाविरुद्ध हॅटट्रिक. एकदम पास! मग 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात 2 कसोटींत 2 विकेट. नापास?

थांबा, ओव्हरचा कॉलम बघा. लीड्सला दोन्ही डावांत मिळून फक्त 16 ओव्हर. एवढ्यावर निकाल लावणं म्हणजे ॲप एकदाच उघडून रेटिंग देणं. माझं मत सांगतो: पाय पास झालाय, तो रणजीचा अख्खा सीझन टिकला. कॅप्टनचा भरवसा मात्र अजून मिळालेला नाही.

आणि कर्जत-खालापूरला रविवारी टेनिस बॉलच्या तीन-तीन मॅच खेळणाऱ्या फास्ट बॉलरांनो, स्पीड मोजणारं ॲप नंतर टाका. बॉल सोडताना पुढच्या पायावर अंगाच्या वजनाच्या कित्येक पट जोर येतो. टीम इंडियाकडे जीपीएस व्हेस्ट आहेत, तुमच्याकडे नोट्स ॲप आहे. दिवसाला किती बॉल टाकले, ते लिहून ठेवा.