यंत्राला साक्षीला नको, विरोधात उभे करा

"बघा, एआयसुद्धा हेच म्हणतो!" आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद मिटवण्याची ही नवी तऱ्हा. आधी फतव्याचा फोटो यायचा, आता चॅटबॉटच्या उत्तराचा स्क्रीनशॉट येतो. साक्षीदार बदलला, विचार न करण्याची सवय तीच राहिली.

मीही यात सापडलो. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीसोबत उर्दूतही नाव आहे. त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०२५ रोजी फेटाळली. मी सांगत सुटलो, "कोर्टाने उर्दूला मराठीच्या बरोबरीचा दर्जा दिला!" चॅटबॉटला विचारले, "बरोबर ना?" त्याने माझेच म्हणणे सजवून परत दिले.

अमरावतीच्या मित्राने टोकले, "भाऊ, निकाल वाचला काय?"

वाचला नव्हता. मग मी यंत्राला सांगितले : तू विरुद्ध बाजूचा वकील हो. उत्तर देऊ नकोस, मला प्रश्न विचार. पहिलाच प्रश्न आला : हा दर्जा कोणत्या कायद्याने मिळाला? दुसरा : मराठी काढून नुसती उर्दू ठेवली असती, तर चालले असते का? माझी बोलती बंद झाली.

तेव्हा कुठे निकाल उघडला. स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा २०२२ चा कायदा मराठीलाच राजभाषा मानतो, पण तिच्या जोडीला दुसरी भाषा वापरायला मनाई करत नाही. मुद्दा एवढाच होता. बरोबरीचा दर्जा मी पदरचा घातला होता. पुढचे तर जास्त बोचले. भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच भूमीत जन्मली, असे न्यायालयाने सविस्तर लिहिले आहे. आणि मी हा 'मुसलमानांचा विजय' म्हणून मिरवत होतो! ज्या समजाविरुद्ध न्यायालय लिहीत होते, तो माझ्याच डोक्यात बसला होता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून स्पष्ट सांगतो. माणसांना कोणते उत्तर आवडले, हे पाहूनही ही यंत्रे घडवली जातात. त्यामुळे होयबा होणे त्यांच्या अंगात मुरते. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयला चॅटजीपीटीतला एक बदल मागे घ्यावा लागला, कारण ते फारच हांजी हांजी करू लागले होते. शिवाय ते ठामपणे खोटेही सांगते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात चॅटजीपीटीने रचलेल्या बनावट खटल्यांचे दाखले देणाऱ्या वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. म्हणून त्याचा प्रश्न घ्यावा, उत्तर मात्र मूळ कागदात शोधावे.

काही बुजुर्ग म्हणतात, यंत्राने डोके गंजते. जनाब, डोके गंजते ते नुसत्या होकाराने. मग तो यंत्राचा असो, नेत्याचा असो की मौलवींचा. इमाम गझालींनी तत्त्ववेत्त्यांचे खंडन करण्याआधी जवळपास दोन वर्षे त्यांचेच ग्रंथ अभ्यासले, असे ते स्वतः लिहितात. विरोधकाचे म्हणणे त्याच्याइतके नीट मांडता आले पाहिजे, ही शिस्त आपल्याला परकी नाही. आपणच ती सोडली.

वऱ्हाडात ही चैन नाही, गरज आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत हिंसाचार झाला, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद करावे लागले. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून दंगल पेटली आणि एक जीव गेला. न तपासलेल्या वाक्याची किंमत आपल्याच गल्ल्यांनी मोजली आहे. 'त्यांनी' तपासावे हे खरेच, पण आपला अंगठा आपल्याच ताब्यात आहे.

तलाकवर, वक्फवर, आरक्षणावर बोलण्याआधी एवढे करा : आपले म्हणणे आधी स्वतःच्या शब्दांत लिहा. यंत्राला सांगा, यातले कच्चे दुवे शोध, दुसऱ्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद मांड. जिथे अडाल, तिथे कायदा, निकाल, ग्रंथ उघडा. मत बदलले तर तसे सांगा. त्यात इज्जत जात नाही.

आणि ग्रुपवर एक नियम करा. यंत्राने दिलेले उत्तर टाकायचे नाही. त्याने विचारलेला, आपल्याला न सुटलेला प्रश्न टाकायचा.