स्वेटर घातला, पण कुत्रा झोपतो कुठे?

निफाडचा पारा १० अंशांखाली घसरला की स्वेटर घातलेल्या श्वानांचे फोटो सोशल मीडियावर झळकू लागतात. त्याच रात्री अनेक बंगल्यांच्या फाटकाशी राखणीचा कुत्रा मात्र गार फरशीवर बांधलेला असतो. थंडीत खरा प्रश्न स्वेटरचा नाही, झोपण्याच्या जागेचा आहे.

कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. गार फरशी ही ऊब सतत शोषून घेते. म्हणून खाली लाकडी फळी, त्यावर कोरडे गोणपाट किंवा जुनी गोधडी आणि वाऱ्यापासून आडोसा हवा. पिल्ले, म्हातारे कुत्रे आणि डॉबरमनसारख्या आखूड केसांच्या जातींना जास्त जपावे लागते. दाट केसांच्या हस्कीला स्वेटरची गरज नसते.

कुत्रा थरथरत असेल, सुस्त पडला असेल तर घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची गोळी देऊ नका, ती जिवावर बेतू शकते. थेट पशुवैद्यकांकडे न्या.

पाळीव प्राण्याला पुरेसा निवारा न देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. घर राखणाऱ्याला कोरडी, उबदार जागा देणे म्हणजे लाड नव्हेत, ते मालकाचे कर्तव्यच आहे.