पक्ष बदला, पण आधी राजीनामा द्या

प्लेनोतल्या मराठी घरांत निवडणुकीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं : "पक्षांतर हा आपल्याकडचा रोग. इथं कुणी असं केलं तर देणगीदार पैसे मागे घेतात आणि मतदार घरी बसवतात." पुण्याहून लेकीकडे आलेले एक काका परवा हेच ठासून सांगत होते. काका, तुमचा मान राखून सांगतो, हे खरं नाही. आपण बसलोय त्या टेक्ससमध्ये तर मुळीच नाही.

प्लेनोहून तासाभराच्या आत रॉकवॉल येतं. तिथले राल्फ हॉल १९८० साली डेमोक्रॅट म्हणून अमेरिकेच्या संसदेत निवडून गेले. २ जानेवारी २००४ रोजी त्यांनी रिपब्लिकन पक्षात उडी मारली. आपण डेमोक्रॅट असल्यामुळे मतदारसंघाचा निधी अडवला जातो, असं कारण त्यांनी दिलं. त्याच नोव्हेंबरात ते आरामात निवडून आले आणि पुढे दहा वर्षं टिकले. २०१४ मध्ये हरले, तेही स्वपक्षाच्या उमेदवारी निवडणुकीत, वयाच्या ९१व्या वर्षी.

मतदार भोळे होते म्हणून हे झालं नाही. टेक्ससमध्ये २०१८पर्यंत एकाच खुणेनं पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देता येत असे. तशात २००३ मध्ये मतदारसंघांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या होत्या. गाव आधीच वळलं होतं, हॉल मागून वळले. २०२१ मध्ये रायन गियेन यांनीही नवी आखणी होताच डेमोक्रॅटिक पक्ष सोडला आणि पुढच्याच वर्षी ते रिपब्लिकन म्हणून जिंकले.

काकांच्या बाजूनंही दाखले आहेत, ते मी झाकणार नाही. पेनसिल्व्हेनियाचे आर्लेन स्पेक्टर २००९ मध्ये रिपब्लिकन पक्षातून डेमोक्रॅट झाले, अलाबामाचे पार्कर ग्रिफिथ उलट दिशेनं गेले. २०१० मध्ये दोघेही हरले. पण कुठं हरले ते पाहा : नव्या पक्षाच्या उमेदवारी निवडणुकीतच. जुन्या मतदारांपर्यंत गोष्ट पोचलीच नाही, नव्या घरातल्या निष्ठावंतांनीच त्यांना उंबऱ्यावर अडवलं. स्पेक्टर यांनी मात्र एक केलं. जे मागतील त्या देणगीदारांचे पैसे परत करू, असं जाहीर केलं. कायद्यानं त्यांच्यावर ही सक्ती नव्हती.

म्हणून पक्षांतराला शिक्षा होते की नाही, या वादात मला रस नाही. नव्या पक्षाचा तिथं जोर असेल तर बहुतेक वेळा होत नाही. मत आणि पैसा ज्या नावावर घेतला, त्याचा हिशेब द्यायला माणूस परत दारात येतो का, हे मला महत्त्वाचं वाटतं. टेक्ससचेच फिल ग्रॅम १९८२ मध्ये डेमोक्रॅट म्हणून निवडून आले होते. ५ जानेवारी १९८३ला त्यांनी खासदारकी सोडली आणि फेब्रुवारीतल्या पोटनिवडणुकीत रिपब्लिकन म्हणून तीच जागा जिंकली. त्यांचं राजकारण मला पटत नाही. ती रीत मात्र शंभर टक्के पटते.

आपल्याकडेही हे घडलंय. २०१९ मध्ये उदयनराजे भोसले राष्ट्रवादीची खासदारकी सोडून भाजपकडून साताऱ्यात पुन्हा उभे राहिले आणि सुमारे ८७ हजार मतांनी हरले. २०२४ मध्ये भाजपकडूनच जिंकले. साताऱ्यानं दोन्ही वेळा आपलं म्हणणं मांडलं. २०२२च्या बंडातल्या शिवसेना आमदारांनी मात्र राजीनामे दिले नाहीत. पक्षच आमचा, असा त्यांचा दावा होता. तो दावाही तेव्हाच मतदारांपुढे न्यायला हवा होता.

राजीनाम्यानं मताचा प्रश्न सुटतो, पैशाचा उरतोच. गेल्या निवडणुकीत मी एका उमेदवाराला ऑनलाइन ५० डॉलर दिले. अर्जानं व्यवसाय विचारला, मालकाचं नाव विचारलं, नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असल्याच्या चौकटीवर खूण करून घेतली. शेजारच्या एच-वन-बी व्हिसावरच्या मित्राला ती खूणही करता येत नाही. माझ्याबद्दल एवढी चौकशी झाली. उमेदवारानं पक्ष सोडला तर उरलेले पैसे मागणाऱ्याला परत देईन, एवढी एक ओळ त्या अर्जात त्याच्याही सहीनं हवी.