वड्याचं तेल, थंडी आणि ट्रक

थंडी पडली की ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टर, तेलाच्या डब्यात पांढरा साका बसलाय. भेसळ असेल ना? आणि हेच आमच्या रक्तात गोठत असेल ना?’ यंदा हा प्रश्न विचारणाऱ्या बाईंसोबत त्यांचे यजमान होते. आयुष्यभर ट्रक चालवून निवृत्त झालेले. त्यांनी मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतला एक माणूस हॉटेलांतलं उरलेलं तळणीचं तेल गाळतो आणि बर्फात उभ्या असलेल्या आपल्या जुन्या डिझेल ट्रकमध्ये भरतो. ‘तिकडच्या थंडीत त्याचं तेल गोठत नाही? आणि आपल्याकडे असं का करत नाहीत?’

आधी बाईंचं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, पाम तेल तर त्याहूनही आधी घट्ट व्हायला लागतं. ज्या तेलात संपृक्त मेद जास्त, ते लवकर गोठतं. त्यामुळे साका म्हणजे भेसळ असं नव्हे. शरीराचं तापमान ३७ अंश असतं आणि रक्तातला मेद प्रथिनांच्या वेष्टनातून फिरतो, तो बाटलीतल्यासारखा थिजत नाही. संपृक्त मेद रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो हे खरं, पण तो खेळ यकृतात चालतो.

आता ट्रकचं. डिझेल इंजिन वनस्पती तेलावर चालणं ही नवलाई नाही. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. अडचण आहे ती दाटपणाची. ४० अंशांलाही खाद्यतेल डिझेलच्या साधारण दहापट दाट असतं. इंजेक्टरच्या केसाएवढ्या छिद्रांतून त्याचा बारीक फवारा उडत नाही, थेंब मोठे पडतात. मोठा थेंब पुरता जळत नाही. त्यातला काही भाग काजळी होऊन इंजेक्टरच्या टोकाला बसतो, काही पिस्टनच्या कडेने झिरपून इंजिन ऑइलमध्ये उतरतो आणि ते ऑइलच घट्ट करून टाकतो. उणे तापमानात तर तेल टाकीतून फिल्टरपर्यंतही पोहोचत नाही.

म्हणून असे ट्रक दोन टाक्यांवर चालतात. एका टाकीत डिझेल, दुसरीत तेल. इंजिन सुरू होतं डिझेलवर. इंजिन थंड ठेवणारं जे पाणी तापलेलं असतं, तेच नळ्यांतून तेलाच्या टाकीभोवती, तेलाच्या नळीशेजारून आणि फिल्टरभोवती फिरवतात. तेल सुमारे ७० अंशांपर्यंत तापलं, पातळ झालं, की चालक कळ फिरवून तेलावर जातो. खरी शिस्त थांबताना लागते. इंजिन बंद करण्याआधी काही मिनिटं पुन्हा डिझेलवर येऊन नळ्या धुऊन घ्याव्या लागतात. ते विसरलं तर सकाळी सगळ्या नळ्यांत थिजलेलं तेल. कडाक्याच्या थंडीत जवळचे चार फेरे मारणाऱ्याला ही व्यवस्था परवडत नाही, कारण तेल तापेपर्यंत मुक्काम येतो. लांब पल्ल्याच्या गाडीला ती जमते.

तरीही हा मार्ग आडवाटेचाच राहिला. अमेरिकेच्या पर्यावरण यंत्रणेने रस्त्यावरच्या वाहनांसाठी कच्च्या खाद्यतेलाला इंधन म्हणून मान्यता दिलेली नाही. आपल्याकडच्या बीएस-६ इंजिनांचे नाजूक इंजेक्टर आणि धूर गाळणारी यंत्रणा हे तेल पचवूच शकणार नाहीत. शिवाय धुराला भज्यांचा वास येतो म्हणून तो निरुपद्रवी होत नाही. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केलं. तीव्र आचेवर तळताना निघणारा धूर तिने बहुधा कर्करोगकारक असलेल्यांच्या गटात आधीच टाकला होता. अर्धवट जळणारं थंड तेल यांत भरच घालणार.

तरी त्या व्हिडिओतून मला एक गोष्ट पटली. तळलेलं तेल तिथे पुन्हा कढईत गेलं नाही.

कढईच्या काठाला चिकट तपकिरी थर बसतो, तो घासून निघत नाही. तेल वारंवार तापलं की त्याचे रेणू तुटतात, हवेतला प्राणवायू घेतात आणि एकमेकांना चिकटतात. इंजेक्टरवर बसणारं किटण याच जातीचं. तेल किती बिघडलं हे त्यातल्या ध्रुवीय संयुगांवरून मोजतात. १ जुलै २०१८ पासून आपल्याकडे नियम आहे की हे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. अशा तेलाचा संबंध उच्च रक्तदाब, कठीण होणाऱ्या धमन्या आणि यकृताचे विकार यांच्याशी जोडला जातो.

त्याच वर्षी १० ऑगस्टला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची योजना सुरू केली. बायोडिझेल म्हणजे नुसतं गाळलेलं तेल नव्हे. मिथेनॉल आणि कॉस्टिक सोड्याने त्याचे रेणू बदलून ते डिझेलइतकं पातळ केलेलं असतं. त्यामुळे दुसरी टाकी लागत नाही. (हा उद्योग घरी करू नये. मिथेनॉल पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो.) थंडीपुढे मात्र तेही हतबल असतं. थंडीत मेणचट होण्यातून साधं डिझेलही सुटत नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलला २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणावं लागलं. महाराष्ट्राच्या थंडीत मात्र थोड्या प्रमाणात मिसळलेल्या बायोडिझेलची फारशी अडचण नाही. २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळायचं राष्ट्रीय धोरण आहे. त्यापासून आपण अजून बरेच दूर आहोत.

तंत्र आहे, नियम आहे, मग तेल अडतं कुठे? दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची, असं बंधन २०१९ मध्ये आलं. मोठी हॉटेलं आणि फरसाणवाले त्यात येतात. कोपऱ्यावरचा वडेवाला येत नाही. त्याच्याकडे दिवसाअखेर दोन-तीन लिटर उरतं, तेवढ्यासाठी बायोडिझेलवाल्याची गाडी येत नाही. आपण निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. भाव चढले की ते दोन-तीन लिटर फेकणं त्याच्या जिवावर येतं, आणि त्याला नुसता दंड करून ते बायोडिझेलच्या कारखान्यात पोहोचणार नाही. सुक्या कचऱ्यासारखं वॉर्डावॉर्डात हे तेल रोख पैसे देऊन गोळा केलं तरच काही होईल, असं मला वाटतं.

परवा आमच्या फाटकासमोरच्या गाडीवाल्याला विचारलं, उरलेल्या तेलाचं काय करतोस? त्याने गाडीखालचा काळा पडलेला डबा दाखवला. म्हणाला, ‘फेकत नाही साहेब, रात्री एक जण घेऊन जातो, रोख देतो.’ तो पुढे त्याचं काय करतो, हे त्याला माहीत नव्हतं.