स्थळ हरवलेले निसर्गचित्र

बालीगंजातील ‘सीमा’सारख्या कलादालनात एकाच चित्रकाराची निसर्गचित्रे मांडली गेली, की प्रेक्षक प्रथम स्थळ कोणते ते विचारतो. गणेश हालोई यांच्या कागदावरील अपारदर्शक जलरंगांपुढे हा प्रश्न फोल ठरतो. शेताचा तुकडा, पाण्याची रेघ, गवताचे दोनचार फटकारे. क्षितिज बहुधा नाहीच. जमालपूरला १९३६ साली जन्मलेले हालोई फाळणीनंतर, १९५० मध्ये, कलकत्त्यास आले. तेव्हा हा निसर्ग म्हणजे गमावलेल्या भूमीचा शोक, असा अर्थ सहज लावला जातो. तो खोटा नव्हे. अपुरा मात्र आहे. १९५७ ते १९६३ या काळात पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यासाठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. तेथे चौकट नाही, एकच दृष्टिबिंदू नाही. डोळा प्रसंगामागून प्रसंग चालत जातो आणि पोपडे गेलेल्या जागाही चित्राचाच भाग होऊन बसतात. रिकाम्या जागेला बोलते करण्याची हालोईंची हातोटी या शिकवणीवाचून उलगडत नाही. आबालाल रहिमान यांचे कोटितीर्थ ओळखू येते, म्हणून मराठी रसिकास ते आपले वाटते. हालोईंच्या रेषेतला अजिंठा नावानिशी दिसत नाही. तेवढ्यावरून तो केवळ बंगालचा म्हणून सोडून द्यावा काय?