अंधेरीत खेळून गेलेला दिएगो फोरलान



नोव्हेंबर २०१६ आठवतोय? नोटाबंदी होऊन जेमतेम दहा-अकरा दिवस झाले होते. सगळा देश एटीएमच्या रांगेत उभा होता, आणि १९ तारखेला संध्याकाळी अंधेरीच्या फुटबॉल मैदानावर मुंबई सिटीचा सामना होता, केरळ ब्लास्टर्सशी. मुंबईकडून १० नंबरचा शर्ट घालून एक सोनेरी केसांचा, ३७ वर्षांचा माणूस खेळत होता. पहिल्या पंधरा मिनिटांत त्यानं दोन गोल मारले, मध्यंतरानंतर तिसरा. हॅटट्रिक! मुंबईनं सामना ५-० असा जिंकला.

त्या माणसाचं नाव दिएगो फोरलान. तुमच्यापैकी काही जण त्या दिवशी स्टँडमध्ये असतीलही. पण घरी टीव्हीवर चॅनेल बदलता बदलता ज्यांनी तो सामना ओझरता पाहिला, त्यांना कदाचित कळलंही नसेल, की वर्ल्ड कपमधला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माणूस आपल्या अंधेरीत घाम गाळतोय. म्हणून आज त्याची गोष्ट.

उरुग्वे हा दक्षिण अमेरिकेतला चिमुकला देश. लोकसंख्या साधारण ३४ लाख, म्हणजे आपल्या पुणे शहराच्या आसपास. पण फुटबॉलचा पहिलावहिला वर्ल्ड कप १९३० साली याच देशात झाला आणि यांनीच जिंकला. राजधानी माँटेव्हिडिओ. तिथे १९ मे १९७९ रोजी दिएगोचा जन्म झाला.

घरात फुटबॉल कसा होता ते ऐका. आजोबा (आईचे वडील) हुआन कार्लोस कोरासो उरुग्वेचे प्रशिक्षक होते. वडील पाब्लो फोरलान बचावफळीत खेळायचे, १९६६ आणि १९७४ असे दोन वर्ल्ड कप खेळलेले. आपल्याकडे एखाद्या घरात तीन पिढ्या तबला असतो ना, तसंच. गंमत म्हणजे लहानपणी दिएगोला टेनिसचं वेड होतं, आणि तो चांगला खेळायचाही. कदाचित तो टेनिसपटूच झाला असता.

पण १९९१ साली घरावर आकाश कोसळलं. मोठी बहीण अलेहांद्रा १७ वर्षांची. ज्या गाडीतून ती चालली होती तिला अपघात झाला. सोबतचा तिचा मित्र गेला. ती वाचली, पण कायमची व्हीलचेअरवर आली. दिएगो तेव्हा १२ वर्षांचा होता.

हॉस्पिटल, ऑपरेशनं, उपचार यांचा खर्च किती असतो हे ज्यांच्या घरात असं काही घडलंय त्यांना सांगायला नको. वडील नावाजलेले खेळाडू असले तरी पैसा अपुरा पडू लागला. पैसे उभे करायला मदतीला धावून आलेल्यांमध्ये खुद्द दिएगो मॅराडोना होता. आणि या लहान दिएगोनं बहिणीला सांगितलं, की मी मोठा फुटबॉलपटू होईन आणि तुझ्यासाठी उत्तमातले उत्तम डॉक्टर आणीन. बारा वर्षांचा मुलगा असं बोलतो तेव्हा मोठी माणसं डोक्यावरून हात फिरवतात आणि विसरून जातात. हा पोरगा विसरला नाही.

व्यावसायिक कारकीर्द सुरू झाली शेजारच्या अर्जेंटिनात, इंडिपेंडिएंते क्लबकडून. तिथून जानेवारी २००२ मध्ये थेट मँचेस्टर युनायटेड! २२ वर्षांच्या मुलाला आणखी काय हवं?

आणि इथेच गाडी रुतली. सामन्यामागून सामने झाले, गोल काही होईना. इंग्लंडची वर्तमानपत्रं एखाद्याची टिंगल करायला लागली की सोडत नाहीत. तब्बल आठ महिन्यांनी, सप्टेंबर २००२ मध्ये, मकाबी हैफाविरुद्ध पहिला गोल आला, तोही पेनल्टीवर. त्यानंतर साउथॅम्प्टनविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत त्यानं विजयी गोल मारला आणि आनंदाच्या भरात शर्ट काढला. तो परत घालताच येईना! खेळ सुरू झाला तरी हा उघडाच, शर्ट हातात घेऊन चेंडूमागे धावतोय. यूट्यूबवर शोधा, हसू आवरणार नाही.

मग आला १ डिसेंबर २००२. लिव्हरपूलचं अ‍ॅनफिल्ड मैदान, युनायटेडच्या कट्टर वैऱ्यांचं घर. गोलकीपर डुडेकच्या पायांमधून चेंडू निसटला आणि फोरलाननं तो जाळ्यात ढकलला. काही मिनिटांत दुसराही मारला. सामना २-१. त्या दोन गोलांवर युनायटेडच्या चाहत्यांनी त्याच्यावर गाणं रचलं आणि ते वर्षानुवर्षं गायलं. पण एकूण हिशेब केला तर ९८ सामने आणि १७ गोल. स्ट्रायकरसाठी हा आकडा कमीच. शेवट तर बुटांवरून झाला. प्रशिक्षक सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी लांब खिळ्यांचे बूट घालायला सांगितले होते. याला सवय आखूड खिळ्यांची, म्हणून हा गुपचूप तेच घालून उतरला आणि चेल्सीविरुद्ध ऐन गोलसमोर घसरला. फर्ग्युसन यांनी ड्रेसिंग रूममध्ये ते बूट उचलून फेकले, असं त्यानं स्वतःच पुढे मुलाखतीत सांगितलंय.

२००४ मध्ये तो स्पेनला गेला. व्हियारेआल हा छोट्या गावाचा क्लब. आणि पहिल्याच हंगामात लीगमध्ये २५ गोल! स्पेनमध्ये सर्वाधिक गोल त्याचे, आणि युरोपचा गोल्डन शू त्याला थिएरी आन्रीबरोबर विभागून मिळाला. तोच माणूस, तेच पाय. मग मँचेस्टरमध्ये काय झालं होतं? मला विचाराल तर काही झालं नव्हतं. तिथे तो बहुतेक वेळा उशिरा, बदली म्हणून उतरायचा. दहा-पंधरा मिनिटांत कोण काय सिद्ध करणार? व्हियारेआलमध्ये तो रोज पहिल्यापासून खेळला, आणि मागून पास द्यायला रिकेल्मेसारखा जादूगार होता. आपण मात्र एखाद्याला एका ऑफिसात, एका वर्गात पाहतो आणि कायमचा शिक्का मारून मोकळे होतो.

२००७ मध्ये अ‍ॅटलेटिको माद्रिदनं त्याला घेतलं. लाडका फर्नांडो टोरेस नुकताच क्लब सोडून गेला होता, त्याची जागा भरायची होती. फोरलाननं २००८-०९ मध्ये लीगमध्ये ३२ गोल मारून दुसरा गोल्डन शू मिळवला, या वेळी एकट्यानं.

आणि मग २०१०. काय वर्ष होतं ते! एप्रिलमध्ये युरोपा लीगची उपांत्य फेरी, मैदान पुन्हा अ‍ॅनफिल्ड, आणि जादा वेळेत पुन्हा याचाच गोल. लिव्हरपूलवाल्यांना तो स्वप्नातही दिसत असेल. १२ मे रोजी हॅम्बुर्गमधल्या अंतिम सामन्यात फुलहॅमविरुद्ध अ‍ॅटलेटिकोचे दोन्ही गोल त्याचेच, दुसरा ११६ व्या मिनिटाला.

महिन्याभरात दक्षिण आफ्रिकेत वर्ल्ड कप सुरू झाला. त्या स्पर्धेतला जाबुलानी नावाचा चेंडू आठवतोय? हवेत वाटेल तसा वळायचा. गोलकीपर रडकुंडीला आले होते, फटके मारणारेही वैतागले होते. फोरलानला मात्र तो चेंडू जणू शब्द ऐकत असल्यासारखा वळत होता. प्रशिक्षक ऑस्कर ताबारेस यांनी त्याला सुआरेझ आणि कवानी यांच्या थोडा मागे ठेवला, तिथून तो संपूर्ण संघ चालवत होता. पाच गोल मारले त्यानं. घानाविरुद्ध फ्री किकवर. नेदरलँड्सविरुद्ध उपांत्य सामन्यात लांबून, तोही डाव्या पायानं. हो, त्याचा उजवा पाय कुठला आणि डावा कुठला हे बचावपटूंना शेवटपर्यंत कळायचं नाही, दोन्हींत सारखीच ताकद.

तिसऱ्या जागेसाठीच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध त्यानं चेंडू हवेतच टोलवला, आणि तो स्पर्धेतला सर्वोत्तम गोल ठरला. उरुग्वे २-३ पिछाडीवर असताना सामन्याच्या अगदी शेवटच्या क्षणी फ्री किक मिळाली. फोरलाननं मारली. चेंडू आडव्या खांबावर आदळला आणि शिट्टी वाजली. उरुग्वे चौथा आला. तरीही स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल मिळाला तो चौथ्या आलेल्या संघातल्या या माणसाला!

पुढच्या वर्षी कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात पॅराग्वेविरुद्ध त्यानं दोन गोल केले. ती ट्रॉफी आजोबांनी प्रशिक्षक म्हणून जिंकली होती, वडिलांनी खेळाडू म्हणून, आता नातवानं.

यानंतर सुरू झाली खरी भटकंती. इटलीत इंटर मिलान फारसं जमलं नाही. मग ब्राझील. मग जपानमध्ये सेरेझो ओसाका, जिथे पहिल्याच पत्रकार परिषदेत पठ्ठ्यानं जपानीत भाषण केलं. पण गोष्ट गोड झाली नाही, त्याच वर्षी संघ खालच्या श्रेणीत घसरला. २०१५ मध्ये तो मायदेशी, वडिलांच्या पेन्यारोल क्लबमध्ये आला. क्लबचं नवं स्टेडियम उघडलं तेव्हा तिथला पहिला गोल त्याचाच होता. आणि लीगचं विजेतेपदही मिळालं.

तिथून मुंबई. आपल्या आयएसएलमध्ये तेव्हा मोठी नावं यायची, त्यातली काही निव्वळ सुट्टी घालवायला आल्यासारखी वाटायची. फोरलान तसा नव्हता. मुंबई सिटी त्या हंगामात साखळीत पहिली आली, आधी कधीच आली नव्हती. मात्र उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात, कोलकात्यात, त्याला लाल कार्ड मिळालं. मुंबई तो सामना २-३ हरली. परतीचा सामना मुंबईत होता, आणि फोरलानला त्यात उतरता येणार नव्हतं. तो ०-० सुटला. संपलं सगळं. त्या रात्री तो मैदानात असता तर? मुंबईकर चाहते अजून यावर वाद घालतात.

शेवटचा मुक्काम हाँगकाँगचा किची क्लब. २०१९ मध्ये त्यानं बूट खुंटीला टांगले. दहा क्लब, आणि देशासाठी ११२ सामन्यांत ३६ गोल.

अलेहांद्राचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. तिनं रस्ता सुरक्षेसाठी स्वतःच्या नावाची संस्था काढली. आपल्यासारखे अपघात इतर घरांत होऊ नयेत म्हणून ती बोलते, लोकांना समजावते. भावाचं नाव सोबत आहेच, पण काम तिचं आहे.

आणि दिएगो? त्यानं माळ्यावरची टेनिसची रॅकेट खाली काढली. नोव्हेंबर २०२४ मध्ये, ४५ व्या वर्षी, माँटेव्हिडिओतल्या व्यावसायिक स्पर्धेत तो अर्जेंटिनाच्या फेडेरिको कोरियाबरोबर दुहेरीत उतरला. पहिल्याच फेरीत १-६, २-६ असा हरला. प्रेक्षागृहातले लोक मात्र टेनिस बघायला नाही, दिएगोला बघायला आले होते.